रयतेचे झाड आणि कुलाब्याचा तट

परवा वद्य अष्टमीस आम्ही सहा जण विचुंबे गावातून पहाटे निघून अलिबागचा कुलाबा किल्ला पाहून आलो. माझ्याखेरीज पाचही जण तिशीच्या आतले, आमच्या शाखेच्या अभ्यासवर्गाला नियमाने येणारे. बेत त्यांचा होता. मी एक निवृत्त मास्तर म्हणून सोबतीला गेलो. परतताना मात्र असे वाटले की, या दिवसाने अभ्यासवर्गाच्या चार बैठकांचे काम केले. म्हणून तो अनुभव आणि त्यातून निघालेला विचार कार्यकर्त्यांपुढे मांडतो.

हा किल्ला मी पूर्वीही पाहिला होता. नोकरीच्या आरंभीच्या काळात अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांची सहल घेऊन मी येथे आलो होतो. त्या दिवशी मी मुलांना राजांची नावे सांगितली, लढायांच्या सनावळ्या सांगितल्या, तटावर उभे करून एक छायाचित्र काढविले आणि परत आलो. मजुरी, भांडवल, सार्वजनिक मालमत्ता हे शब्द वर्गात रोज उच्चारणाऱ्या माणसाला ते तटापाशी आठवले नाहीत, याची खंत मला परवा वाटली. ती वाटायला लावली आमच्यातल्या एका मुलीने. तिचा प्रश्न पुढे येईलच.

पनवेलहून एसटीने पेण, वडखळ, पोयनाड अशी वाट. माझ्या पिढीच्या शाळेतील नकाशात या साऱ्या प्रदेशाचे नाव ‘कुलाबा जिल्हा’ असे होते. १९८१ साली जिल्ह्याचे नाव रायगड झाले. बरोबरच्या तरुणांना हे ठाऊक नव्हते. ज्या किल्ल्याने जिल्ह्याला शंभरावर वर्षे नाव दिले, तो किल्ला त्यांच्या लेखी केवळ समुद्रकिनाऱ्यावरून दिसणारे एक सुंदर दृश्य होता.

कुलाब्यास ओहोटीच्या वेळी पायी जाता येते. कोकणात तिथीला पाऊणने गुणले की भरतीचा तास निघतो, हा हिशेब कोळ्याच्या पोराला पाठ असतो. अष्टमीची भरती सहाच्या सुमारास, म्हणून ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास. पण आमच्या शहाण्या हिशेबात एक चूक राहिली, ती टांगेवाल्याने दाखविली. “बाबा, आज भांग हाय. पानी पुरता हटायचा नाय. चालत जाशाल तर गुडघ्यापर्यंत भिजाल.” अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जितके चढते तितकेच खाली जाते, भांगाच्या दिवसांत त्याची चढ-उतार दोन्ही बेताची. वेळ आम्ही काढली होती, पाण्याची खोली काढली नव्हती. चार जण चालत निघाले आणि मी टांग्यात बसलो. टांगेवाला वाटेत सांगत होता की घोड्याचा खर्च वाढला, हंगाम चार महिन्यांचा, आणि किल्ल्यात जाणाऱ्याला तो पोचवतो तरी किल्ल्याच्या कारभारात त्याला कोणी विचारीत नाही. त्याचे हे शेवटचे वाक्य मी मनात ठेवले.

किल्ल्याची हकीकत थोडक्यात अशी. शिवाजीमहाराजांनी १६८० च्या मार्चमध्ये या बेटावर किल्ला उभारण्याचे ठरविले. एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले आणि काम संभाजीमहाराजांच्या काळात, १६८१ साली पुरे झाले. आरमाराचे अधिकारी दर्यासारंग आणि मायनाक भंडारी यांच्या हाती किल्ल्याचा कारभार होता. एक मुसलमान, एक भंडारी. पुढे १७१३-१४ च्या सुमारास बाळाजी विश्वनाथांनी कान्होजी आंग्रे यांच्याशी समेट केला आणि कुलाबा आंग्र्यांच्या सत्तेचे मुख्य ठाणे झाले. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून या ठाण्यावर मोहीम काढली. पोर्तुगीजांची सहा हजारांची फौज आणि कमोडोर मॅथ्यूजची जहाजे असूनही ती फसली. १७२९ च्या जुलैमध्ये कान्होजी वारले. त्यांनी परकी जहाजांकडून दस्तकाचे पैसे घेतले म्हणून इंग्रज ग्रंथकारांनी त्यांना चाचा ठरविले. पोर्तुगीज हेच काम जवळजवळ दोन शतके आधीपासून करीत होते, त्याला मात्र राज्यकारभार म्हणावयाचे! कोणाच्या करवसुलीला लूट म्हणावे आणि कोणाच्या लुटीला कर म्हणावे, हे इतिहास लिहिणाऱ्याच्या गोटावर अवलंबून असते.

महादरवाजातून आत गेल्यावर तट जवळून पाहावा. प्रचंड दगड एकावर एक रचलेले आहेत, आणि सांध्यांत चुना नाही. लाट आदळते, पाणी फटींतून आत शिरते, तेथे त्याचा जोर मोडतो आणि ते परत जाते. सागराशी सामना करणारी ही भिंत सागराला थोडी वाट देऊन टिकली आहे. साडेतीनशे वर्षांच्या जवळपास पावसाळे तिने काढले. हे शहाणपण कोणा ग्रंथातून आलेले नसावे. लाटेचा स्वभाव जाणणाऱ्या खलाशांनी आणि दगडाचा स्वभाव जाणणाऱ्या पाथरवटांनी ते हाताने कमावलेले असणार.

याच तटापाशी आमच्यातल्या मुलीने विचारले, “सर, या दगडांची मजुरी किती पडली असेल? आणि ती मिळाली असेल का?”

मी तिला उत्तरेकडच्या तटावर नेले. तेथे चाकांच्या गाड्यांवर दोन तोफा आहेत. त्यांच्यावर इंग्रजी अक्षरांत कारखानदारांची नावे आहेत: डॉसन, हार्डी, फील्ड, आणि कारखान्याचे नाव आहे लो मूर आयर्न वर्क्स, यॉर्कशर. ज्या तोफांनी हा किल्ला उभारला नाही, त्यांच्या मालकांची नावे लोखंडात कोरलेली आहेत. ज्यांनी दगड उचलला त्यांचे नाव दगडावर नाही. हे आंग्र्यांच्या किल्ल्यापुरते नाही. जगभरच्या इमारतींची हीच कथा आहे. पण म्हणून ती निमूटपणे गिळावी असे नाही.

आपल्या परंपरेत या प्रश्नाचे एक उत्तर लिहून ठेवलेले आहे आणि ते समाजवादी कार्यकर्त्यांनी पाठ करावे इतके मोलाचे आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त, म्हणजे अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील ग्रंथात, आरमारावर एक प्रकरण आहे. जहाजांसाठी लाकूड कोठून आणावे, याचा विचार अमात्य करतात. साग आणि तत्सम झाडे राज्याच्या अरण्यातून सरकारी परवानगीने तोडावीत, आणखी लागेल ते परमुलखातून विकत आणावे, असे ते सांगतात. आंबा आणि फणस यांचे लाकूडही जहाजाच्या कामाचे. पण ते रयतेने वर्षानुवर्षे पोटच्या पोरासारखे वाढविलेले असते. ते तोडले तर त्या माणसाच्या दुःखाला अंत नाही. म्हणून त्याला हात लावू नये. एखादे झाड जुने होऊन निरुपयोगी झाले असेल तर धन्याची राजीखुशी घेऊन, त्याला पैसे देऊन, मगच न्यावे. जबरदस्ती कधीही करू नये.

ही काही भूतदयेची शिकवण नव्हे. हा राज्यशास्त्राचा आणि अर्थशास्त्राचा नियम आहे. त्या काळी आरमार ही चैनीची बाब नव्हती. सिद्दी, पोर्तुगीज, इंग्रज असे तीन शत्रू समुद्रावर असताना जहाज हे राज्याच्या जीवनमरणाचे साधन होते. ‘राष्ट्राच्या संरक्षणासाठी’ एवढे शब्द उच्चारले की आज कोणतीही जमीन मोकळी होते. अमात्य मात्र म्हणतात की, एवढी निकड असतानाही राज्याची कुऱ्हाड रयतेच्या परसात थांबते. तेथून पुढे जाण्याला दोन अटी आहेत, संमती आणि मोबदला. त्यातही संमती आधी आणि मोबदला नंतर. पैसे देऊ केले म्हणजे संमती मिळाली, असा अर्थ त्यात नाही.

येथे कोणी म्हणेल की, मास्तर भाबडेपणाने इतिहास वाचत आहेत. त्याच काळात वेठबिगार होती, रयतेकडून फुकट कामे करून घेतली जात, आणि नियम लिहावा लागला याचाच अर्थ तो मोडला जात होता. हा आक्षेप मला संपूर्ण मान्य आहे. किल्ल्यांच्या बांधकामात वेठ नव्हती असे मी म्हणत नाही, आणि शिवकाल म्हणजे समाजवाद असेही म्हणत नाही. राजेशाही ती राजेशाहीच. तथापि, एखाद्या काळाचे मोजमाप त्याने काय केले यावर होते तसे त्याने कशाला गैर म्हटले यावरही होते. तीनशे वर्षांपूर्वीच्या एका कारभाऱ्याने जबरदस्तीला गैर म्हटले आहे. आजचा कारभारी तिला विकास म्हणतो. हा फरक आपण नजरेआड करू नये.

आता किल्ला हातचा कसा गेला ते पाहा. तोफांनी तो गेला नाही. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गापाशी तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. ते जाळणाऱ्या इंग्रजांचे सोबती होते खुद्द पेशवे. घरच्या भाऊबंदकीचा हिशेब परक्याच्या हाताने चुकता करण्याचा हा प्रकार पश्चिम किनाऱ्याला फार महाग पडला. कुलाब्याची आंग्रे शाखा पुढेही टिकली, पण तिचा दरारा ओसरला. १८४० साली गादीला औरस वारस उरला नाही, तेव्हा इंग्रजांनी दत्तकाला परवानगी नाकारली आणि संस्थान खालसा केले. डलहौसी येण्याच्या आधीची ही गोष्ट आहे. आणि १८४२ साली किल्ल्यातील लाकडी इमारतींचे सामान सरकारने लिलावात विकले. दगड अलिबागच्या पाणीपुरवठ्याच्या बांधकामाला वापरले.

लिलाव! १७२१ साली दोन युरोपी सत्तांना जे जमले नाही, ते १८४२ साली एका कार्यालयाला जमले. त्यासाठी दारूगोळा लागला नाही. एक फाईल आणि एक हुकूम पुरला. अलिबागच्या लोकांना पाणी मिळाले ही गोष्ट वाईट नव्हती, हेही सांगितले पाहिजे. पडक्या वाड्याचे दगड तहानलेल्या गावाच्या कामी येत असतील तर एखाद्या समाजवाद्याला त्यात आनंदच वाटेल. प्रश्न एवढाच की, निर्णय कोणी घेतला? ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी दगड रचला होता त्यांना कोणी विचारले होते काय? सार्वजनिक मालमत्तेचा विनियोग कोणत्या हेतूने झाला याइतकेच तो कोणाच्या अनुमतीने झाला हेही महत्त्वाचे असते.

हे सारे जुने म्हणून सोडून देता येत नाही. २०१७ साली केंद्र सरकारने ऐतिहासिक वास्तू खाजगी कंपन्यांना ‘दत्तक’ देण्याची योजना आणली आणि २०१८ साली दिल्लीचा लाल किल्ला त्या योजनेखाली पाच वर्षांसाठी एका सिमेंट उद्योगसमूहाकडे देखभालीस दिला गेला. २०१९ च्या सप्टेंबरात महाराष्ट्रातील पंचवीस किल्ले पर्यटन आणि हॉटेलांसाठी दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्याची बातमी आली. लोक खवळले. तेव्हा सरकारी खुलासा झाला की, शिवकालाशी संबंध असलेले ‘वर्ग एक’चे किल्ले यात नाहीत, ‘वर्ग दोन’चे इतर किल्ले आहेत.

या खुलाशाने पुष्कळांचे समाधान झाले. माझे झाले नाही. राजाचे नाव चिकटलेला किल्ला पवित्र आणि बाकीचे भाड्याने द्यावयाला मोकळे, ही वर्गवारी भावनेची आहे. रायगडाचा दगड ज्या हातांनी उचलला त्याच प्रकारच्या हातांनी अनाम गढीचाही दगड उचलला. दोन्ही आज सर्व जनतेच्या मालकीचे आहेत, आणि ते विकू नयेत याचे कारणही तेच आहे. आपण जर केवळ अस्मितेच्या नावाने किल्ले राखू पाहू, तर ज्या दिवशी अस्मितेचा भाव उतरेल त्या दिवशी त्यांचा लिलाव निघेल. सार्वजनिक मालकीचा मुद्दा अस्मितेपेक्षा टणक आहे, आणि तो लोकांपुढे नेण्याचे काम आपले आहे.

२०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले: महाराष्ट्रातील अकरा आणि तामिळनाडूतील जिंजी. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे त्यांतले सागरी किल्ले. कुलाबा त्या यादीत नाही. या गौरवाचा आनंद सर्वांना झाला, मलाही झाला. पण मान्यता आली की पर्यटक येतो, पर्यटक आला की पैसा येतो, आणि पैसा आला की किनाऱ्यावरच्या जमिनीची किंमत चढते. मग त्या किनाऱ्यावर जाळी वाळत घालणाऱ्या कोळणीला कोणी सांगते की, ही जागा आता शोभेची झाली आहे, तू जरा पलीकडे सरक. वारसा जगाचा होत असताना तो शेजाऱ्याचा राहतो की नाही, हे पाहणारे कोणीतरी हवे.

परतीच्या वाटेवर चरीचा परिसर लागतो. तेथे १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे कुळांनी खोतांविरुद्ध संप केला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी जमिनी ओसाड ठेवल्या, हाल सोसले, पण खोताच्या अटींवर नांगर धरला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ साली त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. हा संप मी त्या मुलांना आज्ञापत्राच्या भाषेत समजावून सांगितला. अमात्यांनी राज्याला सांगितले होते की, रयतेची संमती घे. चरीच्या रयतेने दाखवून दिले की, ती दिली नाही तर काय होते. पहिली गोष्ट सत्तेच्या शहाणपणाची आणि दुसरी जनतेच्या बळाची. आणि दुसरीवाचून पहिली कागदावरच राहते.

आमच्या पनवेल-उरणच्या लोकांना हे निराळे सांगावयास नको. १९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तान भागात पाच आंदोलकांनी गोळ्या झेलून प्राण दिले, तेव्हा कोठे नवी मुंबईच्या प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळण्याची वाट उघडली. आज आमचे विचुंबे ‘नैना’ क्षेत्रात आहे. २०१३ साली सिडकोकडे या क्षेत्राचे नियोजन आले. तेथील नगररचना परियोजनांत मूळ मालकाकडे चाळीस टक्के क्षेत्र राहते आणि साठ टक्के रस्ते, सोयी व अन्य कामांसाठी जाते. नियोजनाला माझा विरोध नाही. अनियोजित वाढीने गावाचे काय होते ते मी माझ्याच गल्लीत पाहतो. रस्ता हवा, गटार हवे, बाग हवी. पण हरकत नोंदविण्याची मुभा आणि संमती देण्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली उदार राज्य देते, दुसरी न्यायी राज्य देते. शेतकऱ्याचा वाफा, बांधावरचा आंबा, घरामागचा फणस नकाशावर रंगीत चौकोन होतो, तेव्हा अमात्यांची ती अट कोणाला आठवते?

मग कार्यकर्त्यांनी करावयाचे काय? तीन गोष्टी सुचवितो. पहिली, प्रत्येक शाखेने आपल्या तालुक्यातील एक किल्ला, बंदर किंवा धरण निवडावे, तेथे अभ्यासवर्गाची एक बैठक भरवावी, आणि ते कोणी बांधले, कोणाच्या पैशाने, कोणाच्या जमिनीवर, आज त्याचे उत्पन्न कोणाकडे जाते, हे चार प्रश्न विचारावेत. दुसरी, किल्ल्यांच्या व्यवस्थापनात नगरपालिका-ग्रामपंचायती, मच्छीमारांच्या सहकारी संस्था आणि टांगेवाल्या-नाववाल्यांच्या संघटना यांना स्थान मिळावे आणि तिकिटांच्या उत्पन्नातील निश्चित वाटा त्याच गावी खर्च व्हावा, अशी मागणी सातत्याने करावी. सिंधुदुर्ग किल्ल्यात आजही कुटुंबे राहतात. माणसांचा वावर हे वास्तूवरचे आक्रमण असे समजणाऱ्या पोथीनिष्ठ पुरातत्त्वाला एवढे उत्तर पुरे. तिसरी, जेथे जेथे भूसंपादनाचा किंवा परियोजनेचा प्रश्न उठेल तेथे आज्ञापत्रातील तो नियम लोकांपुढे ठेवावा. शिवाजीमहाराजांचे नाव घेऊन मते मागणाऱ्यांना त्याच परंपरेतील हा नियम पाळावयास सांगण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

किल्ल्यात सिद्धिविनायकाचे मंदिर आहे. राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेले. आवारात दर्गाही आहे. खाऱ्या समुद्राच्या मध्ये गोड्या पाण्याची विहीर आहे. तेथे आम्ही डबे उघडले. मुलीने पुन्हा विचारले, “मग मजुरी मिळाली असेल का, सर?” मी म्हणालो, “त्यांची आता देता येणार नाही. पण जे आज दगड उचलतात त्यांची राहू नये, एवढे आपल्या हाती आहे.”

तिला हे उत्तर पुरेसे वाटले असे मला दिसले नाही. ते बरेच झाले. इतक्यात टांगेवाला हाक मारू लागला. पाणी चढू लागले होते, आणि भरती कोणाच्या चर्चेसाठी थांबत नाही.